फोनवरून आलेले शेवट

शिवणताई: नाही म्हटलं ना. तुम्ही दोघं जा. मला हे पडदे संध्याकाळपर्यंत द्यायचेत.

बाई: पडदे उद्या गेले म्हणून कुणाच्या घरात चोर शिरणार नाही. ऊठ बघू. आज गुरुवार आहे.

शिवणताई: गुरुवार आहे ते मला माहितीये.

चष्मेवाले: मी दुकानाच्या दारावर ‘थोड्या वेळात परत येतो’ अशी पाटी अडकवून आलोय ताई. बाहेर गिऱ्हाईक नंबर तपासायला उभं असेल आणि त्याला ती पाटीच वाचता येत नसेल. एवढं पाप डोक्यावर घेऊन आलो, आणि तुम्ही पडदे शिवताय.

शिवणताई: मग जा परत.

चष्मेवाले: अहो, तुमच्याशिवाय सिनेमा बघण्यात मजा नाही. या बाई तर शेजारी बसून डुलक्या घेतात.

बाई: मी डुलक्या घेत नाही. डोळे मिटून ऐकते. सिनेमातली मुलं बोलायला लागली की मला बघवत नाही. सहा वर्षांचं पोर, आणि बोलतं कसं, तर निवृत्त न्यायाधीशासारखं! शाळेत एवढी मुलं हाताखालून गेली माझ्या, एक असं बोललं असेल तर शपथ.

चष्मेवाले: आणि गेल्या वेळचा तो प्राध्यापक? चष्म्याला काचाच नव्हत्या. नुसती फ्रेम! आणि त्यातून पत्नीचा फोटो बघून रडतोय. मी तिथल्या तिथं उठून जाणार होतो.

बाई: ऐकलंस? यांना माणूस रडताना दिसत नाही. काच नाही ते दिसतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, रडू दे त्याला, पण कोटाचा खांदा कसा उतरलाय बघा.

शिवणताई: उतरणारच. सिनेमातले कोट कुणी मापानं शिवत नाही. मागून टाचण्या लावतात. म्हणून तर ते लोक पाठ फिरवत नाहीत कधी.

बाई: आली की नाही गाडी रुळावर! चल, चप्पल घाल.

शिवणताई: बाई, बसा जरा. भाऊ, तुम्हीही बसा. स्टुलावरचं अस्तर उचलून इकडं द्या. मला एक विचारायचंय तुम्हाला.

चष्मेवाले: विचारा की. पण सुरुवातीच्या जाहिराती गेल्या तर बाई मला बोलतील.

शिवणताई: तो होडीवाल्याचा सिनेमा आठवतो? म्हातारा होड्या दुरुस्त करायचा. मग अंथरुणाला खिळतो. बायको त्याच्याऐवजी डांबर तापवून फटी बुजवायला शिकते.

बाई: आठवतो तर. काय काम केलं होतं त्या बाईनं! हाताला चटका बसतो आणि ती त्याच्यापासून हात लपवते, तिथं माझा पदर ओला झाला होता.

शिवणताई: तिथपर्यंत मी होते. मग माझी उठायची वेळ झाली. ह्यांच्या आजारपणात त्यांच्याजवळ बसणारी मावशी संध्याकाळी घरी जायची, त्याच्या आत मला पोचावं लागायचं.

बाई: हे आम्हाला काय सांगतेस? दर गुरुवारी तू मधूनच उठायचीस, सिनेमा संपला की मी थिएटरच्या पायऱ्यांवरून तुला फोन करून शेवट सांगायचे. हे चष्मेवाले शेजारी उभे राहून, ‘ते सांगितलंत का, हे सांगितलंत का’ म्हणून माझा कान खायचे.

शिवणताई: त्या होडीवाल्याचा शेवट काय सांगितला होतात?

बाई: अगं, आता इतकं कुठलं आठवायला?

शिवणताई: आठवा ना.

बाई: तो... बरा होतो.

चष्मेवाले: होतो की. चांगला ठणठणीत.

बाई: एके दिवशी सकाळी बायको उठते, तर अंथरूण रिकामं. तिच्या काळजात धस्स होतं. धावत किनाऱ्यावर जाते, तर हा आपला होडीला रंग देत उभा.

चष्मेवाले: काठी टेकून.

बाई: काठी कुठं होती?

चष्मेवाले: नव्हती? हां, नव्हती. बरोबर. काठी बायकोच्या हातात होती.

शिवणताई: धावत आली ती काठी घेऊन कशाला आली?

चष्मेवाले: ते... कुत्र्यासाठी. कुत्रा होता ना त्यांचा.

शिवणताई: अख्ख्या सिनेमात कुत्रा नव्हता भाऊ.

बाई: शेवटी आणतात. पिल्लू. बरा झाला म्हणून शेजारी देतात.

शिवणताई: पिल्लाला काठी?

चष्मेवाले: बाई, आपण काठी सोडून देऊ या.

बाई: तुम्हीच आणलीत ती! तर, दोघं नव्या रंगाच्या होडीत बसतात. तो वल्हं मारतो, ती हसते, होडी लांब लांब जाते. संपलं.

शिवणताई: छान आहे.

बाई: छानच होता.

शिवणताई: रविवारी भाचीकडं गेले होते. तिच्या टीव्हीवर लागला होता. मी जिथून उठले होते ना, हात लपवते तिथून, नेमका तिथूनच मला बघायला मिळाला.

(चष्मेवाले आपला चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत राहतात. शिवणताई मशीनच्या सुईखालचं कापड सोडवून बाजूला ठेवते.)

चष्मेवाले: पाणी मिळेल का जरा?

शिवणताई: तिथं मशीनमागं बाटली आहे, घ्या. आणि बाईंनाही द्या. त्यांच्या घशाला जास्त कोरड पडली असेल.

बाई: तू रागावलीस.

शिवणताई: तो शाळेचा शिपाई? घंटा वाजवणारा? त्याचं ऑपरेशन?

बाई: नाही वाचत.

शिवणताई: आणि पेटी वाजवायची ती आजी?

बाई: तीही नाही.

शिवणताई: ती खाणीत अडकलेली माणसं? सगळी वर येतात म्हणाला होतात. एकेकाचं नाव घेऊन सांगितलं होतंत फोनवर!

चष्मेवाले: त्यांतली दोन येतात. मी बाईंना म्हणालो होतो, निम्मी तरी खाली राहू द्या, संशय येईल. पण या ऐकतायत कुठल्या. सगळा पाळणा भरून वर आणला.

बाई: तुम्ही गप्प बसा हो.

चष्मेवाले: पण त्या दुसऱ्या सिनेमात अबोला धरलेले दोन भाऊ शेवटी बोलायला लागतात, ते अगदी खरं होतं ताई. त्यात आम्ही हात घातला नाही.

शिवणताई: उपकार झाले.

बाई: अगं, ऐक. तुला आठवतं का, डॉक्टरांनी तुला दाराबाहेर नेऊन सांगितलं, की आता सुधारणा होईल अशी आशा धरू नका? त्याच गुरुवारी आपण तो शिपायाचा सिनेमा बघितला. तू नको म्हणत होतीस, मीच ओढून नेलं. आणि नेमकं पडद्यावर इस्पितळ. तू उठून गेलीस तेव्हा तुझ्या पाठीकडे बघवेना मला. सिनेमा संपला, मी फोन लावला. तू म्हणालीस, ‘बाई, लवकर सांगा, ह्यांना जेवण भरवायचंय, हे वाट बघतायत.’ मला वाटलं होतं खरं ते सांगेन. तोंडातून निघून गेलं, ‘वाचतो गं.’ आणि तू फोनवर केवढ्यानं हसलीस! आत ओरडून सांगितलंस, ‘अहो, वाचतो तो!’ त्यानंतर माझी जीभ वळलीच नाही दुसरं काही सांगायला.

शिवणताई: मी तुमच्या पहिलीतली पोरगी नाही बाई.

बाई: नाहीस.

शिवणताई: वर्गात गोष्ट सांगताना तुम्ही मुलांची तोंडं बघून शेवट बदलायचात, तुम्हीच सांगितलंय मला. लांडगा पळून जातो, कोकरू घरी येतं. तिथं ठीक आहे. पण माझ्या पांढऱ्या केसांकडं तरी बघायचं.

बाई: खरं सांगू? मुलं विचारायची, ‘बाई, खरंच असं झालं?’ मी ‘हो’ म्हणायचे. ती लगेच सुटायची मैदानावर. तू कधी विचारलं नाहीस.

शिवणताई: तुमच्यावर विश्वास होता म्हणून विचारलं नाही.

चष्मेवाले: ताई, आमच्या मनात काही वाईट नव्हतं.

शिवणताई: वाईट नव्हतं ते कळतंय हो मला. तेच तर. वाईट असतं तर दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. भाऊ, तुम्ही तो शेवट बघितलाय ना? मी सांगते तुम्हाला, मला पाठ झालाय. तो म्हातारा बायकोला जवळ बोलावतो. म्हणतो, आज डांबर राहू दे, बस. मग विचारतो, ‘मी गेल्यावर या घरात एकटीला भीती वाटेल का तुला?’ ती म्हणते, ‘वाटेल.’ मग ती विचारते, ‘तुम्हाला वाटते का आता?’ तो म्हणतो, ‘थोडी.’ एवढंच. मग दोघं कुठली खिडकी वाऱ्यानं आपटते, कुठल्या माणसाकडून लाकूड घ्यायचं, असलं काहीबाही बोलत बसतात. सकाळी तो नसतो.

बाई: हो. तसंच आहे.

शिवणताई: आम्ही दोघं इतके दिवस एका खोलीत होतो. औषधं बोललो, मोसंबीचा रस बोललो, चादर बोललो. हे कधी बोललो नाही. मला वाटायचं, मी विषय काढला तर ह्यांना वाटेल हिनं आशा सोडली. त्यांनाही तसंच वाटत असेल. पण सिनेमाचं तसं नव्हतं. दर गुरुवारी भरवता भरवता मी सगळा सिनेमा सांगायचे. सिनेमातल्या माणसांवर आम्ही भांडायचो सुद्धा. त्यानं असं करायला नको होतं, तिनं तसं म्हणायला नको होतं. तो होडीवाल्याचा खरा शेवट त्या दिवशी मी घरी नेला असता ना, तर ह्यांनी विचारलं असतं. नाही तर मी विचारलं असतं. होडीवाल्याच्या आडून का होईना. मी नेलं काय, तर कुत्र्याचं पिल्लू.

बाई: माझं चुकलं. हे मला सुचलंच नाही कधी.

शिवणताई: तुम्हाला तरी कसं सुचणार. पण त्यांच्याशी शेवटपर्यंत मी खोटंच बोलत राहिले आणि मला त्याचा पत्ताही नव्हता, हे आता गिळवत नाही मला. ते त्या गोड शेवटांवर विश्वास ठेवून गेले.

चष्मेवाले: नाही.

शिवणताई: काय नाही?

चष्मेवाले: विश्वास ठेवून गेले नाहीत. ताई, तुमच्या ह्यांना, ड्रायव्हरसाहेबांना, ठाऊक होतं.

बाई: काय सांगताय?

चष्मेवाले: बाई, तुम्हालाही मी बोललो नव्हतो. त्यांचा चष्मा घसरायचा, तोंड एका बाजूला झाल्यामुळं. मी दांड्या वाकवून द्यायला घरी यायचो, आठवतं ना ताई? तुम्ही एकदा दुकानातून दोरा आणायला खाली गेलात. तर हे मला म्हणाले, हळूहळू, त्यांच्या त्या जड जिभेनं, ‘चष्मेवाले, तुम्ही लोक जे सिनेमे बघता त्यात कुणी मरत कसं नाही? शिपाई वाचतो, आजी वाचते, खाणीतली सगळीच्या सगळी वर येतात. त्या सिनेमातल्या डॉक्टरचा मला पत्ता द्या.’

शिवणताई: असं म्हणाले?

चष्मेवाले: आणि हसले. त्यांचं ते अर्ध्या तोंडाचं हसू. मी काय करणार? सांगून टाकलं सगळं. शिपाई गेला, आजी गेली, होडीवालाही गेला. एकेक करून सगळे खरे शेवट विचारून घेतले त्यांनी माझ्याकडून. पुढं मी आलो की ते तुम्हाला काही ना काही आणायला खाली पाठवायचे.

शिवणताई: दोरा. बटणं. एकदा खडू. घरात डबाभर खडू असताना! मी म्हटलं सुद्धा, ह्यांना आता माझ्या शिवणकामात एवढा रस कुठून आला.

चष्मेवाले: मी म्हटलं, ‘साहेब, ताईंना खरं सांगू का आम्ही?’ तर म्हणाले, ‘मुळीच नाही. शेवट सांगताना तिचा आवाज बदलतो. बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर बसून बडबडायची तसा होतो. तुम्ही खरं सांगायला लागलात तर तो बंद होईल.’

शिवणताई: लग्नाआधी मी त्यांच्याच बसनं कामाला जायचे. ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी होती माझ्या डोक्यावर.

बाई: मला हे ठाऊक नव्हतं गं.

शिवणताई: म्हणजे बाईंना ठाऊक, तुम्हाला ठाऊक, ह्यांना ठाऊक. ज्या तोंडानं सगळं सांगितलं जात होतं ते एकटंच येडं.

चष्मेवाले: तसं नका म्हणू.

शिवणताई: मग कसं म्हणू? मी चमचा हातात धरून रंगात येऊन सांगतेय, होडी लांब लांब गेली, आणि ते आत समजून उमजून ‘वा वा’ करतायत! माझं नाटक बघत होते, आणि तिकीट माझ्याच घरचं.

बाई: नाटक नव्हतं ते त्यांच्या लेखी.

शिवणताई: ठाऊक आहे. ठाऊक आहे हो बाई, कळतंय मला. आता रडू की हसू ते कळत नाही, बाकी सगळं कळतंय. भाऊ, मला एक सांगा. एवढं सगळं बोलायचात तुम्ही दोघं. होडीवाल्याचा शेवट तुम्ही त्यांना सांगितलात, त्यात तो प्रश्नही सांगितला असेल. त्यावर हे काय म्हणाले? ह्यांना भीती वाटत होती का?

बाई: अगं, ते शांत होते. मी येऊन भेटायचे तेव्हा मला नेहमी...

शिवणताई: बाई, मी भाऊंना विचारतेय.

बाई: हो. राहिलं. बोलत नाही मी.

चष्मेवाले: ताई, तो प्रश्न मी त्यांना सांगितला. ते काही बोलले नाहीत. खिडकीकडं बघत राहिले, मग चष्मा काढून माझ्या हातात दिला, म्हणाले, ‘उजवीकडची दांडी अजून सैल वाटते.’ मी पुढं विचारलं नाही. मला धीर झाला नाही.

शिवणताई: एवढंच?

चष्मेवाले: एवढंच. आत्ता तुमच्याकडं बघून एखादं छान वाक्य त्यांच्या तोंडी घालावंसं फार वाटतंय मला. मघापासून जिभेवर येतंय. पण नाही घालणार.

शिवणताई: नको. नका घालू. बरं झालं.

बाई: माझ्याही जिभेवर आलं होतं.

शिवणताई: दिसलं मला ते. तुमचा चेहरा गोष्ट सांगायला लागला होता.

बाई: मी शिकेन हळूहळू. या वयात मला जरा वेळ लागेल, तेवढा दे.

शिवणताई: वही-पेन्सिल घेऊन या. भाऊ, ती इस्त्रीची पिन काढा, तुमच्या पायाशी आहे. बाई, माझी पिशवी खुंटीवर आहे तुमच्यामागं.

चष्मेवाले: आता निघायचं? निम्मा सिनेमा उरकला असेल ताई. पुढच्या गुरुवारी वेळेवर जाऊ.

शिवणताई: निम्मा तर निम्मा. मला आता घरी कुणाची घाई नाही. शेवटपर्यंत खुर्चीवरून हलणार नाही मी.

बाई: आजचा कसला आहे काही माहीत नाही हं. पोस्टरवर एक बाई आणि रिकामी बाग आहे. वाईट असला तर?

शिवणताई: तर वाईट. बाहेर येऊन भांडू त्यावर.

बाई: आणि तुला आत रडू आलं तर?

शिवणताई: भाऊंना बाजूला बसवू. त्यांचं लक्ष काचेकडंच असतं.

चष्मेवाले: चालेल. फक्त आज तरी कुणी बिनकाचेचा येऊ नये. किल्ली घेतलीत का?

शिवणताई: घेतली. थांबा जरा. मघाशी होडीवाल्याचं बोललो, त्यावरून आता आठवलं. हे गेले त्याच्या आदल्या गुरुवारी तुमचा फोन आला होता बाई. मी ताट घेऊन आत गेले, म्हटलं, ऐका, काय शेवट आहे! तर म्हणाले, ‘आज शेवट राहू दे.’ मला रागच आला. वाटलं, कंटाळले माझ्या बडबडीला. म्हटलं, अहो, एवढा सगळा ऐकलात आणि आता अर्धवट ठेवू? पुन्हा म्हणाले, ‘राहू दे, बस. तू खुर्ची तेवढी पुढं घे.’

बाई: आणि?

शिवणताई: घेतली.